सेमिस्टरभर परदेशी शिकायची संधी नेहमी त्याच मुलांना का मिळते?

सह्यकडा | रविवार, रात्री ९:१०

नमस्कार मंडळी. पश्चिम महाराष्ट्रातल्या एका विद्यापीठात मी भौतिकशास्त्र शिकवते. गेली चार वर्षं आंतरराष्ट्रीय कक्षाचं कामही माझ्याकडे आहे. युरोपातल्या काही विद्यापीठांशी आमचे सामंजस्य करार आहेत. फी इथलीच भरायची, तिकडची माफ, एक सेमिस्टर तिकडे शिकून परत यायचं. काही जागांना इरॅस्मस प्लस या युरोपीय संघाच्या योजनेचा भत्ता असतो, देशानुसार महिन्याला ८०० ते ९०० युरो. कागदावर बघाल तर कुणालाही जाता येईल.

प्रत्यक्षात अर्ज येतात ते त्याच दोन विभागांतून. शहरात घर असलेली, आईवडील नोकरीत असलेली मुलं. ती हुशार आहेत, त्यांच्याबद्दल माझी काहीच तक्रार नाही. पण वसतिगृहातली, तालुक्याच्या कॉलेजातून एम.एस्सी.ला आलेली मुलं माझ्या दारापर्यंत येतच नाहीत.

गेल्या वर्षी एक आली. निवडही झाली. निवडपत्र मिळाल्यावर तिचे वडील पहाटेची एसटी पकडून आले. शर्टाच्या खिशातून वहीचं चौघडी केलेलं पान काढून माझ्या टेबलावर पसरलं. तिकीट, व्हिसा, विमा, तिकडच्या खोलीचं डिपॉझिट, सगळं पेन्सिलीने लिहिलेलं, खाली बेरीज. बेरीज दीड लाखाच्या वर गेली होती. मला म्हणाले, "मॅडम, हे सगळं आधी आम्ही भरायचं आणि पोरगी तिकडं पोचल्यावर पैसे येणार. बरोबर?" मी हो म्हणाले. "मग ही मदत न्हाई झाली. उसनवारी झाली, आन् उसनं आम्ही तुम्हाला देतोय."

मला उत्तर देता आलं नाही. ती जागा रिकामी गेली.

मोठा नवा निधी मिळणार नाही असं धरून चाला. आहे त्यात ही दारं कशी उघडायची? तुमच्यापैकी कुणी गेलं असेल, कुणी जाता जाता राहिलं असेल, तर सांगा.

चहाटपरी | रविवार, रात्री ९:२२

महत्त्वाचा विषय. रुमाल टाकून ठेवतो, उद्या सविस्तर लिहितो.

पाऊलवाट | रविवार, रात्री ११:०५

सह्यकडाताई, त्या काकांचं गणित अगदी बरोबर आहे. त्यात आणखी एक खड्डा आहे तो सांगते.

मी जर्मनीत असते, एका विद्यापीठाच्या परदेशी विद्यार्थी विभागात काम करते. व्हिसासाठी महिन्याला ९९२ युरो हाताशी आहेत असं दाखवावं लागतं. भत्ता ९०० धरला तरी महिन्याला ९२ युरो कमी पडतात. पाच महिन्यांचे ४६०. ही एवढी रक्कमसुद्धा बंद खात्यात, म्हणजे दर महिन्याला ठरलेलीच रक्कम काढता येते अशा खात्यात, टाकून दाखवा असं सांगितलं जातं आणि मुलं तिथेच गांगरतात. ज्यांना भत्ता नाही, फक्त फी माफ आहे, त्यांनी पाच महिन्यांचे जवळपास पाच लाख रुपये आधी अडकवायचे. पैसे त्यांचेच असतात, दर महिन्याला परत मिळतात. पण आधी असावे तर लागतात!

शिवाय भत्त्याचा पहिला हप्ता बऱ्याच ठिकाणी इथे येऊन बँकेत खातं उघडल्यावर जमा होतो. खातं उघडायला पत्त्याची नोंदणी हवी, नोंदणीला घरमालकाचा कागद हवा. तोवर पहिला महिना संपतो. मी स्वतः २०१६मध्ये आले तेव्हा पहिले तीन आठवडे आईने दिलेल्या मेतकुटावर आणि भातावर काढले. शेजारच्या खोलीतली स्पॅनिश मुलगी वासाने दार वाजवून आली आणि नंतर रोज जेवायलाच यायला लागली. पुडी दहा दिवस आधीच संपली. :)

स्पष्टोक्ती | सोमवार, सकाळी ७:४८

थोडा वेगळा सूर लावतो. जागा दोन-चार. त्या गुणांवरच भरायला हव्यात. तिकडे जाऊन नापास झाला तर विद्यापीठाचं नाव जातं आणि पुढच्या वर्षी करारच राहत नाही. घरची परिस्थिती बघून जागा दिल्या तर ज्याने मेहनत केली त्याच्यावर अन्याय नाही का?

गोदाकाठ | सोमवार, सकाळी ९:३०

स्पष्टोक्ती, ताईंनी लिहिलेल्या मुलीची निवड गुणांवरच झाली होती. निवड होऊनही ती गेली नाही, प्रश्न तो आहे.

मी परभणी जिल्ह्यातला. केंद्राच्या राष्ट्रीय परदेशी शिष्यवृत्तीवर इंग्लंडला एम.एस्सी. करून आलो. १२५ जागा, कौटुंबिक उत्पन्न ८ लाखांच्या आत, अनुसूचित जाती, भटके-विमुक्त, भूमिहीन शेतमजूर आणि पारंपरिक कारागीर यांच्या मुलांसाठी. आपल्या राज्याची राजर्षी शाहू महाराज शिष्यवृत्तीही आहे, अनुसूचित जातीच्या ७५ मुलांसाठी. या योजना नसत्या तर मी आज हे लिहायला इथे नसतो. पण दोन्ही पूर्ण पदवीसाठी आहेत, पदव्युत्तर किंवा पीएच.डी. पाच महिन्यांच्या सेमिस्टरसाठी माझ्यासारख्याला कुठे हात पसरायचा? एक तर दोन वर्षांची उडी मारा, नाहीतर घरी बसा. मधली पायरीच नाही. आणि ज्याने आयुष्यात विमानतळ बघितला नाही त्याला आधी ती मधलीच पायरी हवी असते.

मला या शिष्यवृत्तीची माहिती कुणी दिली माहीत आहे? वसतिगृहातल्या एका सीनिअरने, मेसच्या रांगेत. नोटीस बोर्डावर ती कधीच लागली नव्हती.

वाशिष्ठीकाठ | सोमवार, सकाळी १०:१२

गोदाकाठ, +१. आमच्या कॉलेजात नोटीस लागली तेव्हा मुदत संपायला चार दिवस होते. पासपोर्टच नव्हता. विषय संपला.

मिशिगनकर | सोमवार, रात्री ८:१५

इथे अमेरिकेत एका सरकारी विद्यापीठात मी विद्यार्थ्यांचं आर्थिक साहाय्य बघतो, म्हणून इकडचा अनुभव लिहितो. इथेही हीच रड होती. परदेशात सेमिस्टर म्हणजे सुखवस्तू घरच्या मुलींनी पॅरिसला जाण्याचा प्रकार, अशीच समजूत होती. दोन गोष्टींनी फरक पडला.

एक, गिलमन शिष्यवृत्ती. २०००मध्ये तिचा कायदा झाला. ज्यांना पेल ग्रँट मिळते, म्हणजे ज्यांची घरची कमाई कमी असल्याचं सरकारने आधीच तपासलेलं आहे, फक्त त्यांच्यासाठी. ५००० डॉलरपर्यंत. गरीब आहोत हे मुलांना पुन्हा नव्याने सिद्ध करावं लागत नाही. सह्यकडाताई, आपल्याकडेही फ्रीशिप आणि स्कॉलरशिपवाल्या मुलांची यादी विद्यापीठाकडे तयार असते. ती यादी आणि तुमचा कक्ष यांची गाठ पडते का?

दुसरं, छोटे कार्यक्रम. स्वतःचेच प्राध्यापक दहा-पंधरा मुलांना घेऊन दोन-तीन आठवड्यांसाठी जातात. ज्या मुलाला संध्याकाळी दुकानात काम करून घरी पैसे द्यायचे असतात त्याला पाच महिने सोडता येत नाहीत, तीन आठवडे येतात.

स्पष्टोक्ती | सोमवार, रात्री ८:५०

तीन आठवडे म्हणजे सहल झाली. शिक्षण कुठे झालं?

मिशिगनकर | सोमवार, रात्री ९:०४

आधी दोन महिने इथे वर्ग, परत आल्यावर प्रकल्प अहवाल, त्याला क्रेडिट. सहलीला अहवाल लिहावा लागत नाही. आणि या मुलांतलीच काही पुढच्या वर्षी सेमिस्टरसाठी अर्ज करतात, हे मी डोळ्यांनी बघतो.

पाऊलवाट | सोमवार, रात्री ११:३०

युरोपातही २०२१पासून असाच एक प्रकार आहे. ५ ते ३० दिवस प्रत्यक्ष, बाकीचा भाग ऑनलाइन. आणि युरोपातल्या मुलांची घरची परिस्थिती बेताची असेल तर सेमिस्टरच्या भत्त्यावर महिन्याला २५० युरो जास्त मिळतात. ज्या देशांत विद्यार्थ्यांना सरकारी मदत मिळते तिथेसुद्धा हे करावं लागलं, म्हणजे बघा.

तिसरी_घंटा | मंगळवार, दुपारी १:२०

मी पालक म्हणून लिहिते. पैशाबद्दल सगळे बोललात. आमच्या घरी पैशाची अडचण नव्हती, तरी मुलीला पाठवायला मी सहा महिने अडून बसले होते. तिचे बाबा तयार, आजी तयार, मीच नाही. तिकडे आजारी पडली तर कोण, एकटी रात्रीची कशी येणार. शेवटी विद्यापीठातल्या एका बाईंनी आधीच्या वर्षी गेलेल्या मुलीच्या आईचा फोन नंबर दिला. त्या माउलीशी मी पाऊण तास बोलले. तिने मला काहीही पटवलं नाही, फक्त त्यांची मुलगी आजारी पडली तेव्हा काय काय झालं ते सांगितलं. विम्याचं कार्ड, डॉक्टरची वेळ, शेजारणीने आणून दिलेलं सूप. दुसऱ्या दिवशी मी सही केली.

तुमच्या माहितीसत्राला पालकांना बोलावता का हो? आणि बोलावलंत तर सत्र मराठीत असतं का?

सह्यकडा | मंगळवार, दुपारी ३:०५

तिसरी_घंटा, नाही आणि नाही. आमचं सत्र इंग्रजीत असतं, कामाच्या दिवशी, मुख्य इमारतीत. तुमचं वाचून लख्ख उजेड पडला. मिशिगनकर, ती यादी समाजकल्याणचं काम बघणाऱ्या टेबलावर आहे, माझ्या खोलीपासून तीन दारं पलीकडे. आजच मागितली.

चहाटपरी | मंगळवार, रात्री ९:४५

रुमाल उचलतो. मी गेलो होतो २०१९मध्ये, सेमिस्टरसाठी. तिकडे सगळं छान झालं. खरा त्रास परत आल्यावर.

तिकडे मी ३० ईसीटीएस (युरोपातले क्रेडिट) केले, म्हणजे त्यांच्या हिशेबाने पूर्ण सेमिस्टर. इकडे विभागाने मार्कशीट आणि आपला अभ्यासक्रम शेजारी ठेवून एकेक युनिट ताडून बघितलं. थर्मोडायनॅमिक्सचं चौथं युनिट तिकडे शिकवलेलं नाही, म्हणून तो पेपर पुन्हा द्या. प्रॅक्टिकलचं जर्नल नाही, म्हणून प्रॅक्टिकल पुन्हा. त्यात जर्मनीतल्या तासिका ऑक्टोबरमध्ये सुरू होऊन फेब्रुवारीपर्यंत चालतात. आपली पुढची सेमिस्टर तोवर अर्धी झालेली असते. मी दोन सेमिस्टरच्या परीक्षा एकाच उन्हाळ्यात दिल्या आणि माझी पदवी सहा महिने लांबली. घरून नोकरी लागायची घाई असलेला मुलगा हे ऐकून अर्ज करेल का? माझ्या नंतरच्या बॅचमधून कुणीही गेलं नाही. ते माझ्याकडे बघूनच गेले नाहीत.

पाऊलवाट | मंगळवार, रात्री १०:१०

चहाटपरीदादा, लर्निंग ॲग्रीमेंट केलं नव्हतं का? जायच्या आधी विद्यार्थी, इकडचं विद्यापीठ आणि तिकडचं विद्यापीठ, तिघांच्या सह्या असतात. कुठले विषय करायचे आणि त्याबदल्यात काय धरलं जाईल ते त्यातच लिहिलेलं असतं.

चहाटपरी | मंगळवार, रात्री १०:१८

केलं होतं. विभागप्रमुख बदलले. नव्या सरांनी ती सही मानली नाही.

शिक्षणवारी | बुधवार, सकाळी ८:००

मी अभ्यासमंडळावर होतो, म्हणून सांगतो. विषयाला विषय जुळवायला गेलात की हे होणारच. ठराव असा हवा: मान्य केलेल्या करारानुसार ३० ईसीटीएस पूर्ण केले तर आपल्या त्या सेमिस्टरचे २२ क्रेडिट एकगठ्ठा मिळाले. फक्त दोन-तीन मूळ विषय, जे न शिकता पुढे जाताच येत नाही, ते वेगळे काढा. अभ्यासमंडळ, मग विद्या परिषद. एकदा विद्या परिषदेने मंजूर केलं की विभागप्रमुख कोण आहे याने फरक पडत नाही. विद्यार्थ्याचे क्रेडिट साठवणारी ॲकॅडमिक बँक ऑफ क्रेडिट्स २०२१पासून आहेच, आंतरराष्ट्रीय कक्ष उघडा असंही यूजीसीने त्याच वर्षी सांगितलं. चौकट आहे. आपल्याकडे ठराव नसतो, एवढंच.

सह्यकडाताई, ठराव जानेवारीच्या बैठकीत आणायचा असेल तर मसुदा दिवाळीआधी द्या. व्यनि (खाजगी निरोप) करा, मी बघून देतो.

मायबोलीवाचक | बुधवार, सकाळी ११:३३

अवांतर वाटेल, पण एक विचारू का? बाहेर पाठवायच्या जागा वाढवायला आत येणारी मुलं लागतात ना? आमच्याकडे करारात दोन जाणार, दोन येणार असं होतं. यायचं कुणीच नाही, मग समोरच्यांनी जागा दोनाची एक केली.

सह्यकडा | बुधवार, दुपारी १२:४०

अजिबात अवांतर नाही, कळीचा मुद्दा आहे. गेल्या वर्षी दोन फ्रेंच मुली यायच्या होत्या. वसतिगृहाची खोली दिवाळीच्या सुट्टीत बंद राहील, असं त्यांना कळवावं लागलं. त्या आल्या नाहीत. त्यांच्या न येण्याने आमच्या दोन मुलांच्या जागा गेल्या, हे वसतिगृहाच्या कार्यालयाला कुणी सांगितलेलंच नव्हतं.

आकडेमोड | बुधवार, रात्री ९:००

मी पतसंस्थेत बावीस वर्षं काढली. पहिल्या पोस्टमधल्या त्या काकांच्या वहीच्या पानावर परत येतो, कारण माझ्या मते धाग्याचं मूळ तिथेच आहे.

पैसे आहेत, वेळ चुकलेली आहे. भत्ता येणार हे लेखी आहे, फक्त तीन महिने उशिरा. याला आमच्या धंद्यात साधा उपाय असतो: फिरता निधी. समजा माजी विद्यार्थ्यांकडून ६ लाख एकदाच जमवले. निवड झालेल्या चार मुलांना जायच्या आधी प्रत्येकी दीड लाख द्यायचे. भत्त्याचे हप्ते आले की मुलांनी निधीत परत भरायचे, पुढच्या वर्षी तेच पैसे पुढच्या चौघांना. व्याज नाही. ६ लाख संपले नाहीत, फक्त फिरत राहिले. भत्ता नसलेल्या जागांना हे चालणार नाही, तिथे अनुदानच लागेल, तो हिशेब वेगळा ठेवा.

स्पष्टोक्ती | बुधवार, रात्री ९:२५

आणि मुलगा तिकडेच राहिला, पैसे बुडाले तर? आईवडिलांकडून बाँड लिहून घ्या, कोरा चेक घ्या.

गोदाकाठ | बुधवार, रात्री १०:०२

कोरा चेक मागितलात की तो बाप दारातूनच परत जाईल. त्याने आयुष्यात कोरा चेक सावकाराला दिलेला असतो, त्याचं काय होतं ते त्याला ठाऊक आहे.

बाबासाहेबांना १९१३मध्ये बडोदा संस्थानाने कोलंबिया विद्यापीठात पाठवलं तेव्हा महिन्याला साडेअकरा पौंड, तीन वर्षांसाठी, आणि परत येऊन दहा वर्षं संस्थानाची नोकरी करायची असा करार होता. मुदत संपली तेव्हा लंडनचं शिक्षण अर्धं सोडून १९१७मध्ये त्यांना परत यावं लागलं. ते पूर्ण करायला १९२०मध्ये पुन्हा जावं लागलं. शिष्यवृत्ती दिली म्हणून सयाजीरावांचे उपकार आपण मानतोच, मीही मानतो. पण हप्ता कधी थांबतो आणि अट काय असते, याने माणसाचं शिक्षण कसं मधोमध तुटतं, हे आपल्यापेक्षा जास्त कुणाला माहीत असायला हवं?

आकडेमोड | बुधवार, रात्री १०:३०

गोदाकाठ यांच्याशी सहमत. कोरा चेक नको. दोन शिक्षकांची हमी घ्या, आणि भत्ता जमा होणाऱ्या खात्यातून परतफेडीची लेखी संमती. बुडीत निघायची भीती आहेच, म्हणून ६ लाखांवर आणखी ६० हजार बाजूला ठेवा. माझ्या अनुभवात कर्ज बुडवणारे विद्यार्थी फार कमी असतात. ओळखीने मोठी कर्जं घेणारे बुडवतात.

स्पष्टोक्ती | गुरुवार, सकाळी ७:३०

दोन शिक्षकांची हमी चालेल. चेकचं मागे घेतो. माझ्या मुलासाठी माझ्याकडे कुणी कोरा चेक मागितला असता तर मी दिला असता का, याचा विचार केला, आणि गोदाकाठ यांचं म्हणणं समजलं.

वाशिष्ठीकाठ | गुरुवार, सकाळी ९:१५

पासपोर्टचं कुणीतरी नीट लिहा ना. आमच्याकडे सगळे तिथेच अडतात.

पाऊलवाट | गुरुवार, दुपारी २:१०

लिहिते. फी १५०० रुपये, ३६ पानांचा. जिल्ह्याच्या मुख्य टपाल कार्यालयातही बऱ्याच ठिकाणी पासपोर्ट केंद्र आहे, पुण्या-मुंबईला यायची गरज नाही. १८ पूर्ण असतील तर पालकांच्या सहीची गरज नाही. जन्मदाखल्याची सक्ती १ ऑक्टोबर २०२३ आणि त्यानंतर जन्मलेल्यांनाच आहे, तुम्हाला शाळा सोडल्याचा दाखला चालतो. दहावीचं प्रमाणपत्र सोबत ठेवा.

आणि सगळ्यात महत्त्वाचं, नाव. आपल्या दहावीच्या मार्कशीटवर आधी आडनाव, मग स्वतःचं, मग वडिलांचं. आधारवर उलटं. पासपोर्टवर आडनाव वेगळ्या रकान्यात. माझ्या टेबलावर दरवर्षी असे अर्ज येतात ज्यात मुलीचं आडनाव म्हणून वडिलांचं नाव पडलेलं असतं. मग ट्रान्सक्रिप्ट जुळत नाही, मग व्हिसा अडतो. अर्ज भरायच्या आधी तिन्ही कागद शेजारी ठेवा, स्पेलिंगसकट जुळवा, काही चुकलं असेल तर आधी आधार दुरुस्त करा. हे काम निवड झाल्यावर करायचं नसतं, पहिल्या वर्षाला करायचं असतं.

सह्यकडा | शनिवार, सायंकाळी ६:५०

सगळ्यांचे मनापासून आभार. आठवडाभरात काय झालं ते सांगते.

यादी मिळाली. त्यातल्या प्रत्येकाला मराठीत पत्र जाईल. पालकांचं सत्र रविवारी घेणार आहोत, दोन तालुक्यांच्या कॉलेजांत, आणि आधी जाऊन आलेल्या मुलांच्या आया तिथे बोलतील. दोघी तयार झाल्या आहेत. ठरावाचा मसुदा शिक्षणवारी यांच्याकडे गेला. वसतिगृहाच्या कार्यालयात स्वतः जाऊन बसले. दोन खोल्या सुट्टीतही उघड्या ठेवायला ते तयार आहेत. फिरत्या निधीचं वित्त अधिकाऱ्यांसमोर मांडलं, त्यांनी "नियमात बसवून आणा" म्हटलं. आकडेमोडदादा, तुम्हाला त्रास देणार आहे.

त्या काकांना फोन केला. मुलगी आता दुसऱ्या वर्षाला आहे, शेवटची सेमिस्टर प्रकल्पाची. प्रकल्प तिकडे करता येतो का ते आमच्या करारात तपासते आहे. काका म्हणाले, "पैसे आधी देणार असला तर बोला." मी म्हटलं, त्याचंच बघते आहे.

नवखी_२१ | शनिवार, रात्री ११:५५

नमस्कार, मी पहिल्यांदाच लिहिते आहे. हिंगोलीजवळच्या कॉलेजात बी.एस्सी. दुसऱ्या वर्षाला आहे. मला गणितात एटीकेटी आहे. असं असेल तर पुढे कधी अर्ज करता येतो का? आणि माझ्या आधारवर आडनाव चुकलेलं आहे.

पाऊलवाट | रविवार, सकाळी १०:२०

नवखी, येतो. बऱ्याच ठिकाणी अर्जाच्या वेळी विषय सुटलेला असला की पुरतं, म्हणून आधी गणित सोडव. आधारचं सोमवारी कर. दहावीचं प्रमाणपत्र मूळ घेऊन जा, झेरॉक्सवर पाठवतील परत. केंद्रावर स्पेलिंग स्वतः वाचून घे, पावती फोटो काढून ठेव. अडलीस तर मला व्यनि कर.

गोदाकाठ | रविवार, सकाळी १०:४१

आणि गणिताचं मला विचार. मी हिंगोलीलाच येतो दर पंधरा दिवसांनी, बहिणीकडे.